पाठीतले स्क्रू: ठेवायचे की काढायचे?

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे स्पायनल फ्यूजनमध्ये, जोडण्याचे खरे काम हाड करते. धातू फक्त हाड जुळेपर्यंत मणके धरून ठेवतो. दोन मणक्यांमधली झिजलेली चकती काढून किंवा त्यांच्या मागच्या सांध्यांचा पृष्ठभाग खरवडून तिथे हाडाचा चुरा भरला जातो. हा चुरा बहुधा रुग्णाच्याच मणक्यातून किंवा कमरेच्या हाडातून घेतलेला असतो. पुढच्या काही महिन्यांत त्यातून नवे हाड धरते आणि दोन मणके मिळून एकच सलग हाड होते. तोवर त्या जागी हालचाल होत राहिली तर नवे हाड धरत नाही. म्हणून प्रत्येक मणक्यात डाव्या-उजव्या बाजूला एकेक स्क्रू बसवून ते दोन उभ्या रॉडनी बांधतात. काढलेल्या चकतीच्या जागी पुष्कळदा एक छोटी पोकळ केजही ठेवतात. कमरेतले स्क्रू साधारण साडेपाच ते साडेसात मिलिमीटर जाड आणि चार-पाच सेंटिमीटर लांब असतात. हा सारा सरंजाम पाठीच्या स्नायूंखाली खोलवर बसलेला असतो. दुखणे थांबले, महिने उलटले, रुग्ण कामाला लागला, की घरात प्रश्न निघतो: आता हे लोखंड काढून टाकायचे का?

धातूचे काम किती आणि हाडाचे किती, हे या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच दिसते. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी या दोन सर्जननी स्वतंत्रपणे मणके जोडले, तेही मुख्यतः क्षयाने पोखरलेल्या पाठींसाठी. त्यात धातू नव्हताच. हिब्स मणक्यांच्या मागच्या हाडाचे पदर उचलून एकमेकांवर टेकवत, तर अल्बी नडगीतून काढलेली हाडाची पट्टी बसवत. त्यानंतर रुग्ण दीर्घकाळ बिछान्याला आणि प्लास्टरला खिळून राही. १९५०च्या दशकात अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे पाठ वाकडी झालेल्या मुलांसाठी पोलादी रॉड वापरायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यांनी हाड न जोडता नुसते रॉड बसवले. ते निसटू लागले, तुटू लागले. रॉडबरोबर हाडही जोडायला हवे, हा धडा त्यातून मिळाला आणि १९६२मध्ये त्यांनी आपली पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. आज सर्वत्र वापरात असलेला, मणक्याच्या मागून पुढे जाणारा पेडिकल स्क्रू फ्रान्समध्ये रेमों रॉय-कामिय यांनी १९६३पासून वापरला. साधने बदलली तरी नियम तोच राहिला. हाड जुळले नाही, तर कितीही मजबूत धातू वर्षानुवर्षांच्या वाकण्या-उठण्याने अखेर थकतो. हाड जुळले, तर धातूवर फारसा भार उरत नाही.

भार उरत नाही, मग ठेवायचा कशाला? स्लॅब पक्का झाल्यावर सेंटरिंग काढतात, तसे हे का नको? पण सेंटरिंगच्या फळ्या बाहेरून लावलेल्या असतात आणि त्या काढताना स्लॅबला छिद्र पडत नाही. पाठीतले स्क्रू हाडाच्या आत असतात. वरून नवे हाड चढलेले असते आणि तिथपर्यंत पोचायला तेच स्नायू पुन्हा हाडावरून सोडवावे लागतात. काम संपले, एवढे कारण त्यांना बाहेर काढायला पुरत नाही.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या समजुतीचा संबंध येतो. हात किंवा पाय मोडला, प्लेट बसवली, की वर्ष-दीड वर्षाने ती काढायची, हे कित्येक घरांत ठरलेलेच असते. लहान मुलांच्या बाबतीत आणि घोट्यासारख्या त्वचेलगतच्या जागी त्यात तथ्यही आहे. तोच हिशेब पाठीला लावला जातो. प्रत्यक्षात मणके जोडलेल्या बहुसंख्य लोकांच्या पाठीत धातू आयुष्यभर राहतो, त्याचा त्रास होत नाही आणि सर्जनही तो आपणहून काढायला सांगत नाहीत. ठेवणे ही मूळ स्थिती आहे. कारण द्यावे लागते ते काढण्यासाठी.

कारण म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या काही गोष्टींत मात्र कारण नसतेच. धातू आत गंजेल, ही भीती त्यातली पहिली. आजचे बहुतेक स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेले असते. या धातूवर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर आपोआप बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. रक्तात धातूचा अंश किंचित वाढलेला आढळतो, पण त्यातून आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. एमआरआय करता येणार नाही, ही दुसरी भीती. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. एमआरआय होतो, फक्त स्क्रूच्या आजूबाजूचे चित्र थोडे विस्कटते. पोलादाने ते जास्त विस्कटते. तपासणीआधी पाठीत धातू आहे हे सांगायचे आणि कोणत्या धातूचा, त्याचा कागद दाखवायचा, म्हणजे झाले. विमानतळावरचे यंत्र कधी वाजते, कधी नाही, आणि वाजले तरी हाताने तपासणी होऊन माणूस पुढे जातो. गर्भारपणासाठीही रॉड काढावे लागत नाहीत. मात्र प्रसूतीच्या वेळी पाठीतून भूल देणे अवघड जाऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञाला आधी सांगून ठेवणे शहाणपणाचे. एक प्रश्न नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, तो अंत्यसंस्काराचा. चितेच्या उष्णतेत पेसमेकरचा स्फोट होऊ शकतो, म्हणून तो आधी काढतात. स्क्रू-रॉडचे तसे नाही. टायटॅनियम १,६०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळते, त्यामुळे अस्थी सावडताना ते तसेच सापडतात, इतकेच.

खऱ्या कारणांत सगळ्यात निर्विवाद म्हणजे चुकीच्या जागी गेलेला स्क्रू. तो नसेवर किंवा मज्जारज्जूवर दाबत असेल, किंवा पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिनीला टेकला असेल, तर हाड जुळण्याची वाट पाहत नाहीत. शस्त्रक्रियेतून शुद्धीवर आल्याबरोबर पायात नवी कळ, बधिरपणा किंवा पाऊल न उचलणे दिसले, की लगेच सीटी स्कॅन करून तो स्क्रू काढतात किंवा त्याची दिशा बदलतात.

जंतुसंसर्गाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत जखम लाल झाली, पाझरू लागली, ताप आला, तर रुग्णाला आणि घरच्यांना वाटते की आधी तो धातू बाहेर काढा. सर्जन बहुधा नेमके उलट करतात. जखम उघडून धुतात, मेलेला भाग काढतात, काही आठवडे प्रतिजैविके देतात आणि स्क्रू जागेवरच ठेवतात. हाड जुळलेले नसताना आधार काढला, तर हलणाऱ्या मणक्यात संसर्ग आटोक्यात आणणे आणखी कठीण होते. वर्षे उलटल्यावर येणाऱ्या संसर्गाचे गणित वेगळे. पाठीच्या कातडीतल्या रोमछिद्रांत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू एरवी निरुपद्रवी राहत असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो धातूवर बसला, तर स्वतःभोवती चिकट थर विणतो. त्या थराखाली त्याच्यापर्यंत प्रतिजैविकेही नीट पोचत नाहीत आणि शरीराच्या संरक्षक पेशीही. दोन-चार वर्षांनी पाठीत ठणका लागतो, एखादी गाठ येते, तिथून थोडा पाझर होतो. ताप नसतो. सीआरपीसारख्या रक्ताच्या तपासण्यांतही कधीकधी फारसे काही दिसत नाही. हा जंतू प्रयोगशाळेत सावकाश वाढतो. म्हणून नमुना नेहमीच्या दोन-तीन दिवसांऐवजी दहा ते चौदा दिवस ठेवावा लागतो, नाहीतर ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल हातात येतो. हाड जुळलेले असेल, तर अशा उशिरा आलेल्या संसर्गावर स्क्रू-रॉड काढणे हाच खात्रीचा इलाज. धातू गेला की जंतूंचा आसरा जातो आणि त्यानंतरची औषधे लागू पडतात.

भारतात याला आणखी एक पदर आहे, तो मणक्याच्या क्षयाचा. क्षयाने ढासळलेल्या मणक्यात स्क्रू बसवले म्हणजे संसर्गाच्या जागी धातू ठेवल्यासारखे वाटते. पण क्षयाचा जंतू धातूवर तसा थर सहज विणत नाही, त्यामुळे क्षयाच्या औषधांच्या छायेत हे स्क्रू सुरक्षित राहतात. क्षय होता, एवढ्याने ते काढायची गरज पडत नाही. औषधांचा पूर्ण कोर्स मात्र चुकवून चालत नाही.

कातडीखाली बोचणारा धातू हे कारण ऐकायला किरकोळ वाटते, पण काढल्यावर सर्वांत हमखास आराम इथेच मिळतो. कृश माणसाच्या पाठीत रॉडचे टोक किंवा स्क्रूचे डोके हाताला लागते. लाकडी खुर्चीला टेकले की टोचते, त्यावरची कातडी लालसर, पातळ होत जाते. मोठ्या शस्त्रक्रियांत कमरेच्या रुंद हाडात, म्हणजे इलियममध्ये, लांब स्क्रू घालतात. त्यांची डोकी मागच्या उंचवट्याजवळ येतात आणि त्यांबद्दलच्या तक्रारी पुष्कळ असतात. अशा वेळी सगळा सरंजाम उपसायची गरज नसते. बोचणारा तेवढाच स्क्रू छोट्या छेदातून काढता येतो किंवा रॉडचे वाढीव टोक कापता येते. दुखणे एका बोटाने दाखवता येते आणि दाबल्यावर तिथेच उमटते, तेव्हा निदान सोपे असते.

धातूची ॲलर्जी हे कारण हल्ली बरेच ऐकू येते. पोलादात निकेल असते आणि नकली दागिन्यांनी कान चिघळणाऱ्यांना निकेल सोसत नाही, हे खरे. पण कातडीवर निकेल लागून पुरळ येणे आणि खोल पाठीतल्या स्क्रूमुळे दुखणे यांचा सरळ संबंध दाखवणे अवघड. त्वचेवरच्या पॅच चाचणीत निकेलची ॲलर्जी निघाली, म्हणून पाठीतले दुखणे त्यामुळेच, असे ठरत नाही. टायटॅनियमच्या बाबतीत तर हा प्रकार फारच विरळा. बाकी सर्व कारणे तपासून झाल्यावरच याचा विचार करणे रास्त.

काही रुग्णांत मात्र धातू काढायचा हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. उंचावरून पडून किंवा अपघातात पाठ-कमरेच्या सांध्यावरचा मणका फुटलेल्या तरुणांत, नसा सुरक्षित असतील तर, मोडक्या मणक्याच्या वर-खाली स्क्रू बसवतात. हाड जोडत नाहीत. मणका आपसूक भरून येतो आणि मग साधारण ९ ते १२ महिन्यांनी स्क्रू काढतात. वर-खालच्या जिवंत चकत्यांची हालचाल परत यावी, हा त्यामागचा हेतू. शिवाय हालत्या सांध्यावर ताण घेत राहिलेले स्क्रू कधी ना कधी तुटण्याचा धोका असतो. अशा माणसाचे स्क्रू काढले, म्हणून शेजारच्या घरातल्या फ्यूजन झालेल्या काकूंचेही काढावेत, हा तर्क लागू पडत नाही. या दोन शस्त्रक्रिया दिसायला सारख्या, पण हेतूने उलट. वाढत्या वयातील मुलांच्या वाकड्या पाठीत बसवलेले वाढते रॉड हाही असाच वेगळा वर्ग. ते ठरावीक काळाने लांबवतात आणि वाढ थांबत आली की बहुधा कायमच्या फ्यूजनमध्ये त्यांची जागा नवे रॉड घेतात.

आता उरते ती सर्वांत मोठी आणि सर्वांत फसवी गोष्ट: दुखणे.

फ्यूजननंतर पाठ पुन्हा दुखू लागली आणि एक्स-रेवर ते पांढरेशुभ्र स्क्रू दिसले, की दोष त्यांच्याच माथी जातो. चित्रात तेच सर्वांत ठळक दिसतात. पण दुखण्याची संभाव्य कारणे अनेक आहेत आणि धातू हे त्यातले तुलनेने विरळ कारण. पहिला संशय हाड न जुळण्यावर घ्यायला हवा. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह, ठिसूळ हाडे, एकाच वेळी अनेक मणके जोडणे, यांमुळे हाड न जुळण्याची शक्यता वाढते. विडी-सिगारेटमधल्या निकोटीनने नव्या हाडाचा रक्तपुरवठा आखडतो, आणि तंबाखू-मिसरीतूनही निकोटीन शरीरात जातेच. दुसरा संशय शेजारच्या मणक्यांवर. एक सांधा कायमचा बांधला की त्याच्या वाटची हालचाल वरच्या-खालच्या सांध्यावर येते. अमेरिकेत ॲलन हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानेचे मणके पुढून जोडलेल्या रुग्णांपैकी दरवर्षी सुमारे २.९ टक्क्यांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू झाल्याचे आढळले. त्यातला किती भाग फ्यूजनमुळे आणि किती नैसर्गिक झिजेमुळे, यावर वाद आहे. तिसरा संशय माकडहाडाच्या वरच्या सॅक्रम या हाडाच्या बाजूच्या सॅक्रोइलियाक सांध्यावर, विशेषतः फ्यूजन खाली सॅक्रमपर्यंत गेले असेल तर. याशिवाय नस अजून दबलेली असणे, पाठीचा बाक हरवून सरळ उभे राहताना स्नायू थकणे, जुन्या दुखण्याने मज्जातंतूंची संवेदनाच बदललेली असणे. यातले काहीही स्क्रू काढल्याने बरे होत नाही.

म्हणून काढण्याच्या निर्णयाआधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत, आणि तीही याच क्रमाने. हाड जुळले आहे का? आणि दुखणे धातूचेच आहे का?

पहिल्या प्रश्नाला साधा एक्स-रे पुरत नाही. पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेत जोडलेले मणके हलताना दिसले, तर हाड जुळलेले नाही हे कळते. न हललेले दिसले, तर मात्र खात्री देता येत नाही, कारण रॉडनेही हालचाल अडते. बारीक काप घेणारा सीटी स्कॅन जास्त विश्वासाचा. त्यात एका मणक्यातून दुसऱ्यात सलग गेलेले हाड दिसते का ते पाहतात. स्क्रूभोवती काळी कडा दिसली, तर तो हाडात ढिला झाला आहे. रॉड तुटलेला असेल, तर तो बहुधा हाड न जुळल्याचाच पुरावा, कारण जुळलेल्या हाडाने रॉडवरचा ताण उतरवलेला असतो. ही तपासणी फार लवकर करण्यातही अर्थ नसतो. सहा महिने होण्याआधी हाडाचे चित्र धूसरच असते आणि बहुतेक सर्जन किमान वर्षभर थांबतात.

हाड जुळलेले नसेल आणि त्रास होत असेल, तर नुसते स्क्रू काढणे हे उत्तर नाही. ढिला स्क्रू काढून मणका तसाच हलता ठेवला, तर दुखणे वाढते. तिथे नवे हाड भरून, जास्त जाड स्क्रू घालून किंवा पोटाच्या बाजूने केज बसवून पुन्हा फ्यूजन करावे लागते. उलट, हाड पूर्ण जुळलेले नाही किंवा एखादा रॉड तुटला आहे, पण माणसाला कसलाही त्रास नाही, असेही पुष्कळ असतात. मणक्यांमध्ये चिवट तंतूंचा सांधा तयार होऊन काम भागलेले असते. अशांना ठरावीक काळाने तपासत राहणे एवढेच पुरते. तुटका रॉड एक्स-रेवर पाहून घरचे घाबरतात, पण त्या चित्रासाठी पाठ उघडायची नसते.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक इंजेक्शन उपयोगी पडते. एक्स-रेच्या पडद्यावर पाहून स्क्रूंच्या डोक्यांभोवती बधिरतेचे औषध सोडतात. औषधाचा अंमल असेपर्यंत, म्हणजे काही तास, नेहमीची दुखरी हालचाल करून पाहायची आणि दुखणे किती उतरले याची नोंद ठेवायची. जवळजवळ सगळे दुखणे थांबले, तर स्क्रूवरचा संशय बळावतो. काहीच फरक पडला नाही, तर स्क्रू काढून फरक पडण्याची आशा थोडीच. ही चाचणी निर्दोष नाही. औषध आजूबाजूच्या स्नायूत आणि सांध्यातही पसरते, आणि काहीतरी केले गेले या भावनेनेही माणसाला बरे वाटते. म्हणून काही डॉक्टर ती एकाहून अधिक वेळा करतात. तरीही, दुखण्यासाठी धातू काढायचा आणि आधी हे इंजेक्शन देऊन पाहायचे नाही, याला घाई म्हणावे लागेल.

दोन्ही उत्तरे ‘हो’ आली, तरी परिणामाची हमी नसते. बोचणारे स्क्रू किंवा संसर्ग यांत काढल्यावर आराम स्पष्ट असतो. नुसत्या दुखण्यासाठी काढलेल्यांत काहींना बराच, काहींना थोडा आणि काहींना काहीच फरक पडत नाही. इंजेक्शनने उतार पडलेल्यांचे निकाल तुलनेने चांगले. नेमके कारण न सापडता ‘काढून तर पाहू’ म्हणून केलेल्या शस्त्रक्रियांत पदरी निराशा येण्याचे प्रमाण जास्त. अगतिक रुग्णाला हे पटवणे कठीण जाते, आणि काही डॉक्टरांनाही नाही म्हणणे जड जाते.

शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा छोटी, पण तीही शस्त्रक्रियाच. पूर्ण भूल देऊन पालथे झोपवतात, जुन्या वणावरूनच छेद घेतात, स्नायू बाजूला करतात आणि स्क्रूंवर चढलेले नवे हाड छिन्नीने मोकळे करतात. मग रॉडवरची टोपणे सोडवून रॉड आणि एकेक स्क्रू बाहेर येतो. टायटॅनियमशी हाड घट्ट एकजीव होते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या १९५२पासूनच्या कामातून कळलेला हाच गुण दातांच्या इम्प्लांटला उपयोगी पडला, पण स्क्रू काढणाऱ्या सर्जनला तो जाचक ठरतो. स्क्रू मधेच तुटला, तर आतले टोक काढायला आणखी हाड कोरावे लागते. ते टोक त्रास देत नसेल, तर तिथेच सोडणे बरेचदा योग्य ठरते. चकतीच्या जागच्या केजला तर सहसा हातच लावत नाहीत. तिच्यातून हाड वाढलेले असते आणि ती काढणे म्हणजे जुळलेले मणके फोडणे.

इथे एक साधी अडचण फार वेळा आडवी येते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्याची खाच वेगळी, त्याचा पाना वेगळा. पाना जुळला नाही तर डोके घासून गुळगुळीत होते आणि अर्ध्या तासाचे काम दोन-तीन तासांवर जाते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर रुग्णालयाच्या कागदावर चिकटवलेले असतात. त्यांवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. डिस्चार्ज कार्ड आपल्याकडे जपून ठेवतात, पण या स्टिकरच्या कागदाची आणि ऑपरेशनच्या टिपणाची प्रत मागून घेणारे थोडे. कधीकाळी काढायचे असो वा नसो, ती फाइलमध्ये असलेली बरी.

धोके पहिल्या शस्त्रक्रियेसारखेच, प्रमाणाने कमी: रक्तस्राव, रक्त साकळणे, जखमेत जंतू, क्वचित मज्जारज्जूच्या आवरणाला चीर किंवा नसेला इजा, आणि भुलेचे धोके, जे वृद्धांत आणि हृदयरोग्यांत वाढतात. याशिवाय एक धोका फक्त या शस्त्रक्रियेचा. स्क्रू काढल्यावर मणक्यात सहा-सात मिलिमीटरची छिद्रे उरतात आणि ती भरेपर्यंत हाड कमकुवत असते. वाकड्या पाठीसाठी लांबलचक फ्यूजन झालेल्या रुग्णांत, हाड पक्के जुळले असे वाटत असतानाही रॉड काढल्यावर पाठ पुन्हा थोडी वाकल्याचे, पुढे झुकल्याचे नोंदले गेले आहे. म्हणून दहा-बारा मणके जोडलेल्या माणसाने हा निर्णय घेताना दोन मणके जोडलेल्यापेक्षा जास्त सावध राहायला हवे. संसर्गामुळे काढणे भागच असेल, तर पाठीच्या आकारावर पुढे लक्ष ठेवावे लागते, आणि काही वेळा संसर्ग निवळल्यावर नवे रॉडही घालावे लागतात.

काही वेळा काढण्याचा प्रश्न वेगळा उरतच नाही. शेजारच्या मणक्यासाठी नवी शस्त्रक्रिया करायची असेल, तर पाठ उघडलेलीच असते. तेव्हा जुने रॉड काढून लांब रॉड घालतात, किंवा जुना रॉड तसाच ठेवून जोडणीच्या तुकड्याने नवा त्याला जोडतात. जुळलेल्या भागातले नडणारे स्क्रू त्याच वेळी निघतात आणि वेगळी भूल वाचते.

नुसत्या दुखण्यासाठी काढण्याची घाई कधीच नसते. आहे तो धातू आणखी सहा महिने राहिल्याने नुकसान होत नाही. त्यामुळे दुसऱ्या सर्जनचे मत घ्यायला, फिजिओथेरपी नीट करून पाहायला, वजन आणि साखर ताब्यात आणायला वेळ असतो. सर्जनला विचारायचे प्रश्नही ठरलेले आहेत. सीटीवर हाड जुळलेले दिसते का, ते चित्रातच दाखवा. दुखणे स्क्रूचेच आहे हे कशावरून? सगळे काढणार की ठरावीकच? आत गेल्यावर हाड जुळलेले नाही असे दिसले, तर काय करणार? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पक्की खात्री कित्येकदा रॉड सुटल्यावर, मणके हातात धरून हलवून पाहिल्यावरच होते. त्या वेळी नवे स्क्रू घालून पुन्हा फ्यूजन करायचे की नाही, याची संमती रुग्ण शुद्धीवर असताना घ्यायला हवी. त्याचा खर्च आणि विम्याची मंजुरी यांचेही आधीच बोलून ठेवावे.

काढल्यानंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चालवतात आणि एक ते तीन दिवसांत घरी सोडतात. पुढचे सहा ते बारा आठवडे जड उचलणे, खाली वाकून काम करणे, कंबर पिळणे टाळायचे असते. पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर आणि कडेवरचे मूल हे या काळात वर्ज्य. दोन आठवड्यांनी टाके निघतात. त्याआधी ताप आला, जखम पाझरू लागली, पायात नवा अशक्तपणा जाणवला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. हाडातली छिद्रे भरत आली की एक्स-रे पुन्हा काढतात. लांब फ्यूजन असलेल्यांचा एक्स-रे उभ्याने, पूर्ण पाठीचा काढतात आणि काढण्याआधीच्या एक्स-रेशी ताडून पाहतात. म्हणून जुनी सीडी किंवा फिल्म रुग्णालयात न ठेवता घरी आणावी.